मुदतीआधी पद गेले, आता पुढे काय?

(माजी लोकप्रतिनिधी स्त्रिया आणि संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या मेळाव्यातील भाषण. जागेअभावी थोडे संक्षिप्त केले आहे.)

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. आधी एकतृतीयांश, आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. निवडणूक कशी लढवायची, अर्ज कसा भरायचा, सभा कशी चालवायची यावर आपण सगळ्यांनी मिळून कितीतरी शिबिरे घेतली. आज मी त्याच्या दुसऱ्या टोकाविषयी बोलणार आहे. पाच वर्षांसाठी निवडून आलेली बाई दोन वर्षांतच खुर्चीवरून उतरते, कधी स्वतःहून, बहुतेक वेळा उतरवली जाते. तिचे पुढे काय होते? आणि काय होऊ शकते?

हा प्रश्न फक्त खेड्यातल्या सरपंचबाईचा आहे असे समजू नका. राजकारणात पद मुदतीआधी जाणे ही रोजची गोष्ट आहे. फरक पडतो तो पद गेल्यावर माणूस कुठे जाऊन पोचतो यात.

आपल्या राज्यातलीच उदाहरणे घेऊ. नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर डिसेंबरमध्ये मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी राजीनामे दिले. सहा महिन्यांच्या आत, मे २००९ मध्ये, देशमुख केंद्रात मंत्री झाले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीनंतर आर. आर. पाटील पुन्हा गृहमंत्री झाले. अशोक चव्हाणांना नोव्हेंबर २०१० मध्ये आदर्श प्रकरणात मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. २०१४ मध्ये ते नांदेडहून लोकसभेवर निवडून आले, २०१९ मध्ये राज्यात मंत्री झाले आणि २०२४ मध्ये पक्ष बदलून राज्यसभेवर गेले. यातला कोण बरोबर, कोण चूक हा आजचा विषय नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की या पुरुषांसाठी पद जाणे म्हणजे मधला एक थांबा होता. गाडी तिथे थोडी थांबली आणि पुढे निघाली.

हे कशामुळे शक्य होते? पद जाण्यापूर्वीच त्यांच्या मागे काहीतरी उभे असते. घराण्याचा मतदारसंघ असतो. साखर कारखाना, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था, दूध संघ असतो. पक्षात बोलणारी माणसे असतात. मुंबईतली खुर्ची गेली तरी जिल्ह्यातल्या दहा खुर्च्या शाबूत राहतात. शिवाय एकदा आमदार झालेल्याला आयुष्यभर निवृत्तिवेतन मिळते. म्हणजे उद्याची चूलही पेटती राहते.

आता वरच्या पातळीवरच्या स्त्रियांकडे बघू. यांच्या राजकारणाशी आपल्यापैकी अनेकींचे जमणार नाही, माझेही जमत नाही. पण त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

उमा भारती डिसेंबर २००३ मध्ये मोठे बहुमत मिळवून मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या. १९९४ च्या हुबळीतल्या एका खटल्यात वॉरंट निघाले म्हणून ऑगस्ट २००४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. खटल्याचे संकट टळले, पण खुर्ची परत मिळाली नाही. बाबूलाल गौर यांच्यानंतर २००५ मध्ये शिवराजसिंह चौहान मुख्यमंत्री झाले. उमा भारती पक्षाबाहेर गेल्या, स्वतःचा पक्ष काढला, तो चालला नाही. २०११ मध्ये त्या परत आल्या. पुढे आमदार, खासदार, केंद्रीय मंत्री सगळे झाल्या, पण ज्या राज्यात त्यांनी निवडणूक जिंकून दिली होती तिथले मुख्यमंत्रिपद काही परत आले नाही.

याच्या उलट जयललिता. सप्टेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मुख्यमंत्रिपदावरील नेमणूक अवैध ठरवली. त्यांनी ओ. पनीरसेल्वम यांना बसवले आणि मार्च २००२ मध्ये स्वतः परत आल्या. २०१४ मध्ये शिक्षा झाल्यावर पुन्हा पद गेले. पुन्हा पनीरसेल्वम बसले, आणि मे २०१५ मध्ये त्या पुन्हा परत आल्या. दोघीही मोठ्या वक्त्या, दोघींच्या मागे गर्दी. मग फरक कशात? जयललितांचा पक्ष त्यांच्या मुठीत होता. उमा भारतींचा पक्ष दुसऱ्यांच्या हातात होता. जिची संघटना तिची आहे, तिने तात्पुरती दिलेली खुर्ची तिला परत मिळते. जिला संघटनेने बसवले आहे, तिची खुर्ची ती उठताक्षणी दुसऱ्याची होते.

गोव्याच्या शशिकला काकोडकर १९७३ मध्ये मुख्यमंत्री झाल्या. वडिलांच्या, म्हणजे भाऊसाहेब बांदोडकरांच्या, निधनानंतर. १९७९ मध्ये त्यांचे सरकार पडले. त्या राजकारणातून पुसल्या गेल्या नाहीत. १९९० मध्ये त्या शिक्षणमंत्री होत्या आणि प्राथमिक शाळांत मराठी-कोकणीतून शिक्षण व्हावे हे धोरण त्यांनी धरून लावले. परत येण्यासाठी त्यांच्याकडे वडिलांची पुण्याई होती तशी कामाची एक बाजूही होती, जी लोकांना ठाऊक होती.

आणि स्वतःच्या इच्छेने पद सोडण्याचे उदाहरण म्हणजे न्यूझीलंडच्या जसिंडा आर्डर्न. जानेवारी २०२३ मध्ये, निवडणुकीला काही महिने उरले असताना, त्यांनी पंतप्रधानपद सोडले. या कामाला पुरेल एवढे बळ आता आपल्यात उरले नाही, अशा अर्थाचे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पुढे त्या हार्वर्ड विद्यापीठात काही काळ गेल्या, २०२५ मध्ये त्यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक लिहिले. थकले म्हणून थांबते, असे म्हणता येणे हीसुद्धा एक सत्ता आहे. आपल्या गावातल्या बाईला हे वाक्य म्हणायची सोय नाही. ती थकली म्हणाली तर लोक म्हणतात, बघा, बाईला झेपले नाही.

आता खाली येऊ, जिथे आपण काम करतो तिथे.

सरपंचबाईचे पद मुदतीआधी चार वाटांनी जाते. या चार वाटा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीनंतरचे भवितव्यही वेगळे आहे. हा फरक आपल्या कार्यकर्त्यांनाही नेमका माहीत हवा.

पहिली वाट राजीनाम्याची. पॅनेल उभे करतानाच पुढारी ठरवतात, अडीच वर्षे हिची, अडीच वर्षे तिची. देवळात नेऊन शपथ घ्यायला लावतात आणि तारीख न टाकलेल्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवतात. नंतर बाई काम करू लागली, हिशेब विचारू लागली, की तो कागद बाहेर निघतो. इथे कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. सरपंचाने राजीनामा पंचायत समितीच्या सभापतीकडे द्यायचा असतो. तो ग्रामपंचायतीच्या सभेपुढे ठेवावा लागतो. हा राजीनामा खरा नाही, माझ्या इच्छेने दिलेला नाही, असे म्हणायचे असेल तर सभेपुढे ठेवल्यापासून सात दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. सात दिवस! यातले चार दिवस बाई रडण्यात आणि माहेरी निरोप पाठवण्यात घालवते, दोन दिवस नवरा म्हणतो जाऊ दे, आणि सातव्या दिवशी ती आपल्याकडे येते. म्हणून हे सात दिवस निवडून आल्याच्या पहिल्या आठवड्यातच तिला शिकवायचे.

दुसरी वाट अविश्वास ठरावाची. सदस्यांनी नोटीस दिली की तहसीलदार विशेष सभा बोलावतात. पद स्त्रीसाठी राखीव असेल आणि त्यावर स्त्री असेल तर ठरावाला तीनचतुर्थांश बहुमत लागते. सरपंच थेट जनतेतून निवडून आलेली असेल तर पहिली दोन वर्षे ठराव आणता येत नाही आणि सदस्यांनी मंजूर केलेला ठराव विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने पक्का व्हावा लागतो. थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. त्यामुळे आपल्या गावची निवड कोणत्या पद्धतीने झाली हे आधी तपासा. ठराव मंजूर झाला तरी तो कायदेशीर होता की नाही, हा वाद सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे नेता येतो.

आणि मैत्रिणींनो, हे अधोरेखित करून घ्या: अविश्वास ठराव म्हणजे अपात्रता नव्हे. ठरावाने गेलेली बाई पुढच्या निवडणुकीत पुन्हा उभी राहू शकते. राजीनामा दिलेलीही राहू शकते. गावात मात्र असे पसरवले जाते की हिच्यावर अविश्वास आला, आता हिला कायद्यानेच बंदी आहे. बाईलाही ते खरे वाटते. अशा किती जणी नुसत्या या गैरसमजाने घरी बसल्या असतील!

तिसरी वाट अपात्रतेची, आणि ही खरी घातक. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेले तिसरे अपत्य, सरकारी जागेवरचे अतिक्रमण, जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत न देणे, निवडणूक खर्चाचा हिशेब निकालानंतर तीस दिवसांत सादर न करणे. या सगळ्या गोष्टी बघा. मूल किती व्हावे हे तिच्या हातात नाही. घर कोणाच्या जागेवर बांधले ते सासऱ्याने ठरवले. प्रमाणपत्राचा कागद नवऱ्याकडे आहे. खर्च पॅनेलप्रमुखाने केला. निर्णय सगळे दुसऱ्यांचे आणि अपात्र ती. एकट्या खर्चाच्या हिशेबापायी पाच वर्षांसाठी अपात्र ठरवता येते. म्हणजे हे पद तर जातेच, पुढची संधीही जाते.

चौथी वाट गैरवर्तणुकीच्या किंवा कर्तव्यात कसूर केल्याच्या आरोपावरून चौकशी करून काढून टाकण्याची. यातही पुढची काही वर्षे दार बंद होऊ शकते. म्हणून तक्रार खोटी असेल तर चौकशीला हजर राहून लेखी उत्तर द्यायचेच. ‘मी काही केले नाही तर घाबरू कशाला’ म्हणून गप्प बसणे महागात पडते. फायलीत उत्तर नसले की आरोप खरा धरला जातो.

जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या सरपंच मनीषा पानपाटील यांचे प्रकरण तुमच्यापैकी काहींनी वाचले असेल. त्या २०२१ मध्ये निवडून आल्या. सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात, अशी तक्रार गावातल्या काहींनी केली. आपण नवरा आणि मुलांबरोबर वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवले, विभागीय आयुक्तांनी तेच कायम केले, उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. अखेर २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि मुदत संपेपर्यंत त्यांना पदावर ठेवले. एक बाई सरपंच झाली आणि आपल्याला तिच्या आदेशाने वागावे लागणार, हे गावकऱ्यांना पचले नाही, असे न्यायालयाने स्पष्टपणे नोंदवले. निवडून आलेल्या प्रतिनिधीला काढण्याची गोष्ट इतक्या सहज घेतली जाऊ नये, असेही सांगितले.

आपल्याला आनंद झाला, होणारच. पण हिशेब करा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी जी लढाई गावात संपायला हवी ती दिल्लीपर्यंत न्यावी लागली. सप्टेंबर २०२४ च्या निर्णयाने सरपंचांचे मानधन दुप्पट झाले, तेव्हा कुठे दोन हजार वस्तीपर्यंतच्या गावच्या सरपंचाला महिना ६,००० रुपये झाले. त्या मानधनात वकील कोणता मिळतो? ज्यांना दिल्लीला जाता येत नाही त्यांचे काय, हा आपला प्रश्न आहे.

आता पद गेल्यानंतरच्या दिवसांविषयी. त्या बाईकडे कोणी येत नाही. गरज सरो, वैद्य मरो. काल सहीसाठी ताटकळणारे आज ओळख देत नाहीत. घरात नवरा चिडलेला असतो, कारण खरे म्हणजे पद त्याचे गेलेले असते. निवडणुकीचे कर्ज फिटलेले नसते. ‘आता तरी घरात लक्ष घाल’ हे वाक्य ऐकून ऐकून कान किटतात. एका माजी सरपंच ताईंनी मला सांगितले, “पद गेल्याचं काही नाही हो, पण आता ग्रामसभेला गेले तर सगळे बघतात, ही कशाला आली म्हणून.” त्या गावच्या मतदार आहेत. ग्रामसभेत बसण्याचा त्यांचा हक्क कोणत्याही ठरावाने जात नाही. पण पाय उचलत नाही.

आणि सहा महिन्यांनी, वर्षाने लेखापरीक्षणाचे आक्षेप येतात. धनादेशांवर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या असतात. वसुलीची नोटीस घरी येते. ग्रामसेवकाची बदली झालेली असते, पॅनेलप्रमुख हात वर करतो. त्या बाईच्या पुढच्या वाटचालीतला सर्वांत मोठा धोंडा अनेकदा अविश्वास ठराव नसतो, ही नोटीस असते. म्हणून पद सोडताना दप्तराचा कार्यभार लेखी द्यायचा, पोच घ्यायची. रोकडवही, इतिवृत्त, मंजूर कामांचे मोजमाप यांच्या नकला पदावर असतानाच काढून घरी ठेवायच्या. राहिल्या असतील तर माहितीच्या अधिकारात मागायच्या. तो अधिकार २००५ पासून प्रत्येक नागरिकाला आहे, माजी सरपंचालाही आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. पुरुषाच्या मागे कारखाना असतो, बँक असते. बाईच्या मागे काय उभे करता येईल?

आरक्षण फिरते असते. आज पद राखीव आहे, पुढच्या वेळी नसेल. खुल्या जागेवर पॅनेल बाईला घेत नाही. २०२३ मध्ये संसदेने लोकसभा आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा स्त्रियांना देण्याची घटनादुरुस्ती केली, तिथेही राखीव जागा फिरत्याच असणार आहेत. तेव्हा ‘राखीव जागा आली की बघू’ असे म्हणून चालणार नाही. दोन राखीव पाळ्यांच्या मधला काळ कुठे उभे राहून काढायचा, ते ठरवले पाहिजे.

पहिली जागा जमिनीची. तुम्हाला वाटेल राजकारणात सातबारा कुठे आला? सातबारावर नाव नाही तर गावच्या विविध कार्यकारी सोसायटीत बाई सहसा सभासद होत नाही. सभासद नाही तर मतदार नाही, संचालक तर दूरच. गावचे अर्थकारण तिथून चालते आणि तिथूनच तालुक्याचे पुढारी निघतात. सहकारी संस्थांच्या समितीत स्त्रियांसाठी दोन जागा राखीव आहेत. त्या कोण भरते? संचालकांच्या बायका, नावापुरत्या. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेऊन बायकांची नावे जमिनीला लावायला सांगितले, तेव्हा पुष्कळांना ती भावनेची गोष्ट वाटली. ती सत्तेची गोष्ट होती.

दुसरी जागा बचत गटांच्या ग्रामसंघाची आणि प्रभागसंघाची. तिथे पदाधिकारी बायका निवडतात, पॅनेलप्रमुख नाही. तिसरी शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याने त्यात निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत. चौथी ग्रामसभा, आणि तिच्या आधी होणारी महिला सभा. माजी सरपंच हीच तिथे सर्वांत जाणती असते. अंदाजपत्रक कसे वाचायचे हे तिला येते. प्रश्न विचारणारी माजी सरपंच ही नव्या सरपंचाला सर्वांत अडचणीची, आणि नवी सरपंच बाईच असेल तर सर्वांत उपयोगाची.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे कडू बोलते. अविश्वास आणणारे बहुधा एका बाईला काढून दुसरीला बसवतात, कारण पद राखीव असते. मग त्या दोघी जन्माच्या वैरिणी होतात आणि बसवणारे निवांत राहतात. आपण यातल्या एकीची बाजू घेऊन दुसरीला गमावायचे नाही. पहिलीवर अन्याय झाला असेल तर तिच्या दाव्यात तिच्यामागे उभे राहायचे, पण दुसरीला पहिल्याच दिवशी सांगायचे, तुझ्याही राजीनाम्याचा कागद कोणाच्या तरी खिशात नाही ना ते बघ.

माझ्या सूचना थोडक्यात. प्रत्येक तालुक्यात आपल्या संघटनांनी माजी स्त्री सदस्यांची यादी करावी आणि वर्षातून दोनदा त्यांची बैठक घ्यावी. आपल्याकडची बहुतेक शिबिरे निवडून आल्यावर सुरू होतात आणि पद गेले की संपतात, ती तशी संपू नयेत. नवीन निवडून आलेल्यांना शिकवायला या माजी ताईंनाच बोलवावे आणि त्यांना प्रवासखर्च व मानधन द्यावे. तालुक्याच्या ठिकाणी एक वकील ठरवून ठेवावा, कारण सात दिवसांत वकील शोधता येत नाही. निवडणूक लागली की खर्चाच्या हिशेबाची तारीख आपणच प्रत्येकीच्या दारावर लिहून यावी. आणि ज्या बाईने दबावाखाली न वाकता पद गमावले, तिचा सत्कार पद मिळवणाऱ्या बाईसारखाच जाहीर करावा. गावाला दिसू दे की ही हरून घरी गेलेली नाही.

पद मुदतीआधी गेलेल्या पुढाऱ्याचे भवितव्य काय, असा प्रश्न पुरुषांबद्दल विचारला की वर्तमानपत्रे पक्ष, जात, मतदारसंघ यांची गणिते मांडतात. आपल्या बाईबद्दल कोणी गणित मांडत नाही, कारण तिला भवितव्य आहे असे कोणी धरलेलेच नसते. ते धरायला आपण सुरुवात करू. इथे बसलेल्या ज्या ताई पूर्वी पदावर होत्या, त्यांनी चहाच्या आधी पुढच्या टेबलावर आपले नाव, गाव आणि पद कसे गेले ते लिहून द्यावे. पहिली यादी इथूनच तयार करू.